नेवेंकानं सोडलेली जागा

“शाळेच्या पोरांना अणुभट्टीची चित्रं दाखवायला अक्कल कशाला लागते गं, नेवेंका? त्यांना घेऊन येणारा बसचालकही दाखवेल की!”

यास्ना असं म्हणाली आणि ईस्टरच्या जेवणाला जमलेली मंडळी खो खो हसली. सिडनीजवळच्या ज्या अणुविज्ञान संस्थेत यास्ना नुकतीच भूजल-संशोधनाची प्रमुख झाली होती, तिथंच तिची थोरली बहीण नेवेंका शाळांच्या सहलींना माहिती सांगायची... फाटक एकच, पण मान केवढा निराळा!

नेवेंका आईला सारमा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात, कुस्करून भरवत होती. पक्षाघातानं आईचं एक अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्या देहाला उठवणारे, न्हाऊ घालणारे हात तिचेच होते. धाकटीच्या त्या आत्मतृप्त हसण्याची तिला शिसारी आली. जमिनीखालच्या पाण्याचं वय सांगणारी ही विदुषी, आणि जन्मदात्रीला घोटभर पाणी ठसका न लागता कसं पाजावं, हे हिला ठाऊक नव्हतं!

“संशोधनाची जागा मिळाली होती तुला. भिऊन सोडलीस!” यास्ना वाईनचा पेला फिरवत म्हणाली. “कुणी विचारलं ना, की तुझी बहीण तिथं काय करते, तर लाज वाटते मला.”

“पुरे!” वडील स्तिपान एकदम ओरडले. “भिऊन नाही सोडली तिनं... मी सोडायला लावली! आई अंथरुणाला खिळली, आणि तू शिकायला कॅनबेराला निघालेली. कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं. तुझ्या मनाला लागू नये म्हणून मीच हिला म्हटलं, ‘झेपत नाही’ असं सांग...”

यास्नाचा चेहरा पांढराफटक पडला. “नेवेंका... खरं हे?”

पण नेवेंका वडिलांकडे वळली.

“आज तोंड उघडलंत, बाबा? इतकी वर्षं ही माझ्यावर थुंकत होती आणि तुम्ही मटण चघळत ऐकत होतात! हिला निदान माहीत नव्हतं. तुम्हाला होतं!”

त्या शांत स्वरात इतका तिरस्कार होता, की म्हाताऱ्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

यास्ना हुंदके देत बहिणीच्या खांद्यावर कोसळली. “माझ्या विभागात ये गं! मी शब्द टाकते, लगेच...”

“तुझी भीक नको मला! पोरांना शिकवणं मला आवडतं, ते मी सोडणार नाही. पण अर्धवट राहिलेलं संशोधनही पुरं करणार आहे, विद्यापीठात नाव घातलंय. मंगळवार आणि गुरुवार आई तुझी.”

“मला... मला तिला उचलताही येत नाही गं!”

“माहीत आहे,” नेवेंका कडवट हसली.

खुर्चीतल्या आईला सगळं कळत होतं. तिच्या वाकड्या ओठांतून शब्द फुटेना, नुसती आसवं गळत होती... नेवेंकानं यास्नाचा हात ओढला आणि आईच्या काखेखाली ठेवला.

“मनगट ओढू नकोस, दुखतं तिला. इथं धर, घट्ट. हं... आता उठव!”

आई उभी राहिली, आणि आपला सारा भार तिनं धाकटीवर टाकला.