आतले दोन ठोके

"पप्पा, खरं सांगा, तुमचा बॉयलर रिकामा असताना पण उत्तर देतो?"

हा प्रश्न विचारायची हिंमत नाही म्हणून वर्गातल्या गुजराती किरणने स्वप्नाला आठवडाभर चिडवलं होतं, "पूछ ने, डरपोक!" पण शाळेत माइकवर बोलून आल्यापासून स्वप्ना कुणाचं ऐकते थोडीच! पप्पांचा डबा घेऊन ती थेट उधन्याच्या कापड मिलमध्येच आली.

तिचे वेल्डर पप्पा, धम्मरत्न, हसले. "लोखंड हाय ते, पोरी. तापलं-निवलं का कुरकुरतं."

दिवाळीच्या सुटीने मिल शांत होती. रंगाचा आंबूस वास तेवढा उरला होता. बॉयलरच्या जाड पाइपला नवी फ्लँज, म्हणजे जोडाची लोखंडी कडी, वेल्डिंगने बसवली होती. तिचा बाहेरचा सांधा कुणालाही दिसतो. आतला मात्र पाइपमध्ये सरपटत जाऊन, पोटावर पडून मारावा लागतो. म्हणून इथली रीत ठरलेली: बाहेरच्याने तीन ठोके द्यायचे, आतल्याने दोन. दोन आले नाहीत, तर आधी वेल्डिंगचं मशीन बंद.

"कोपऱ्यातल्या नळावर हात धुऊन येतो," म्हणून पप्पा गेले. तेवढ्यात स्वप्नाने पाना उचलला, नि गंमत म्हणून पाइपवर ठोकलं. ठक, ठक, ठक.

ठक. ठक.

ती खुदकन हसली. पप्पा पाइपच्या मागच्या तोंडाने आत शिरले असणार! तिने पुन्हा तीन दिले. दोन आले, पण या वेळी खालून, फ्लँजच्या डाव्या अंगाने. तिने तिथे हात ठेवला. सगळा पाइप गार होता. तळव्याएवढी एकच जागा कोमट.

"कुणाला बोलावतेस गं?"

पप्पा तिच्या पाठीमागे उभे होते. कोपरापासून पाणी ठिबकत होतं.

स्वप्नाने सगळं सांगितलं. त्यांनी तिला खोटं पाडलं नाही. नुसतं म्हणाले, "चल, जेवू."

"आधी तिथे बघा ना, पप्पा."

"परवाच पास केलाय मी तो सांधा. उद्या पाणी भरून प्रेशर द्यायचंय. समोर मीच उभा ऱ्हाणार."

"म्हणून तर! बघायला काय जातं?"

ते पुटपुटत आत सरपटले. तिने पाइपच्या तोंडाशी बॅटरी धरली. बराच वेळ फक्त आत हवा सोडणाऱ्या पंख्याची घरघर.

"स्वप्ना," पप्पांचा आवाज पार बदललेला. "चीर हाय. केसाएवढी. डाव्या अंगाला, खाली."

त्यांनी ती घासून काढली, पुन्हा वेल्डिंग मारलं. निळा उजेड पाइपच्या तोंडातून सांडत राहिला. ती बाहेरून ठोकत होती. तीनला दोन. तीनला दोन.

शेवटच्या वेळी तिने तीन दिले.

दोन आले.

मग, पप्पांच्याही पलीकडून, आणखी दोन.

पप्पा बाहेर आले. चेहरा काजळीने माखलेला.

"मोजलेस?"

"मोजले."

दुसऱ्या दिवशी पाइपने पुरतं प्रेशर झेललं. पाण्याचा एक थेंब गळाला नाही. घरी तिच्या मम्मीने, सीताने, भाकरी वाढता वाढता नेहमीचा विषय काढला, अकरावी कॉमर्सचा फॉर्म. स्वप्नाने ताट बाजूला सारलं.

"मम्मी, पप्पा, ऐका. दहावी झाली की मी आयटीआयला जाणार. वेल्डर होणार, नि आतला सांधा मीच मारणार."

सीताच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "त्या अंधाऱ्या नळीत? एकटी?"

स्वप्नाने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी ताटाच्या कडेवर बोटाने दोनदा ठोकलं.

"एकटी कुठे, मम्मी?" ती म्हणाली.