मूळचं स्टिअरिंग

तो आला तेव्हा ती शिडीच्या वरच्या पायरीवर होती. अर्धी माळ्यावर, अर्धी दुकानात, आणि केसांत भलंमोठं कोळ्याचं जाळं. अशा वेळी माणसाने येऊ नये, एवढी तरी अक्कल हवी. पण तो आला, खाली उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "कंपनीचं मूळ स्टिअरिंग मिळेल का?"

तिने खाली बघितलं आणि शिडी घट्ट धरली. हा तोच होता. दहा वर्षांत खांदे जरा भरले होते, कपाळ जरा मोठं झालं होतं, पण प्रश्न विचारताना मान डावीकडे कलती करायची खोड तशीच होती. त्याने मात्र तिला अजिबात ओळखलं नाही. जाळ्यामुळे असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

दुकान तिच्या वडिलांचं. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणायचा. लोक नवीकोरी गाडी घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि कंपनीने दिलेलं धडधाकट सामान काढून त्या जागी झगमगीत काहीतरी बसवून घ्यायचे. मोठे भोंगे, चकचकीत चाकं, समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे. काढलेलं सामान घरी न्यायला कुणालाच नको असायचं. "राहू द्या तुमच्याकडेच," म्हणायचे आणि नवा भोंगा वाजवत निघून जायचे. दुकानात त्या सामानाला नाव होतं, 'काढीव'. मिस्त्रींनी काढीवातला एक स्क्रू कधी विकला नाही. गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधायची आणि माळ्यावर टाकायचं, हा त्यांचा नेम. हौस फिटली की येतील न्यायला, असं ते म्हणायचे. पण इतक्या वर्षांत काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. माळा फुगला, फळ्या वाकल्या, मिस्त्रींचे गुडघे संपावर गेले, आणि दुकान मुलीच्या हाती आलं. तिने पहिल्याच आठवड्यात बाहेर पाटी लावली: 'काढीव माल विकणे आहे. कंपनीचाच. जसा आला तसा.'

आणि नवल म्हणजे लोक यायला लागले. कुणाला गाडी विकायच्या आधी तिला पुन्हा साधी करायची होती, कुणाचा आरसा फुटला होता. ती त्यांना नावंही ठेवायची. आरसेवाल्या बाई, चाकवाले आजोबा. या गिऱ्हाइकाचं नाव पहिल्याच दिवशी पडलं, मूळवाला. कारण त्याने खिशातून यादी काढली आणि प्रत्येक वस्तूच्या आधी 'मूळ' लावून ती वाचून दाखवली. मूळ स्टिअरिंग, मूळ हॉर्न, मूळ गिअरची मूठ, चाकांच्या मूळ टोप्या, दिव्यांच्या मूळ काचा. जुनं मॉडेल होतं, बाजारात यातलं काही मिळेनासं झालं होतं.

तिने गाडीचा नंबर विचारला. खरं तर विचारायची गरज नव्हती. तो नंबर तिला दहा वर्षं पाठ होता.

तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हा आला होता आईची गाडी घेऊन, नव्या नोकरीच्या पहिल्या ऐटीत, आणि त्याला ते छोटं, जाडजूड, शर्यतीच्या गाडीला असतं तसलं स्टिअरिंग हवं होतं. स्टिअरिंग उतरवायच्या आधी मिस्त्री त्याच्यावर आणि आतल्या दांड्यावर रंगाचा एकेक ठिपका द्यायचे. पुन्हा बसवताना ठिपक्याला ठिपका जुळला की ते सरळ बसतं. त्या दिवशी रंगाचा डबा वाळून दगड झालेला. मग तिने पर्समधून नेलपॉलिश काढून दिलं, लालभडक. मुलाने एकदा ठिपक्याकडे बघितलं, एकदा तिच्या बोटांकडे, आणि हळूच म्हणाला, "गाडीला पण शोभतंय." तिला उत्तर सुचलं नाही. सुचलं दोन तासांनी, तेव्हा तो गेला होता. त्या न दिलेल्या उत्तराची चुटपुट तिला पुढे कितीतरी दिवस लागून राहिली. पुन्हा येईल, स्टिअरिंग ढिलं झालं म्हणून येईल, काहीतरी वाजतंय म्हणून येईल... पण मिस्त्रींचं काम पक्कं. काही ढिलं झालं नाही.

आता ती माळ्यावर सरपटत आत गेली. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, तर यादीतलं सगळं त्यात होतं, एकही वस्तू कमी नाही. स्टिअरिंगवर तो लाल ठिपका अजून ताजा दिसत होता. ती तिथेच धुळीत बसून राहिली. हे सगळं खाली नेलं की काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. तो आभार मानेल, पेटी डिकीत ठेवेल आणि आणखी दहा वर्षं जातील. आणि त्याने तो ठिपका बघून नुसतं 'हा कसला डाग?' असं विचारलं असतं, तर तिला रडू आलं असतं.

ती खाली आली ती फक्त गिअरची मूठ घेऊन.

"एवढंच सापडलं," ती म्हणाली. "बाकीचं शोधावं लागेल. पुढच्या शनिवारी या."

आयुष्यात ती पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी खोटं बोलली होती, आणि इतक्या सराईतपणे बोलली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

पुढचा शनिवार चाकांच्या टोप्यांचा होता. त्याच्या पुढचा हॉर्नचा. हॉर्न चालतो का, हे बघायला तिने बॅटरीला तारा लावल्या, तर त्यातून मांजराच्या पिल्लासारखा इवलासा आवाज आला. दोघं एकमेकांकडे बघून हसले, मग पुन्हा वाजवला, पुन्हा हसले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, छत्री असून तो थांबला. त्याने चहा मागवला. शटरला टेकून दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले, आणि कुठल्या गाडीला कुणी काय काय चिकटवून तिचा कसा विचका केलाय, यावर ती त्याला हसवत राहिली.

"तुम्हाला सगळ्या गाड्यांचं असं लगेच कळतं?" त्याने विचारलं.

"गाड्यांचं कळतं."

"आणि माणसांचं—?"

"माणसांवर चिठ्ठी नसते ना बांधलेली," ती म्हणाली आणि उगाचच हॉर्नवरची धूळ पुसायला लागली. तो पुसून झालेला होता.

चौथ्या शनिवारी दिव्यांच्या काचा गेल्या. आता ते एकमेकांना 'अगं-अरे' करायला लागले होते, ते कधीपासून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या खांद्यावर माळ्यावरचं एक पीस पडलं, तिने ते उचललं, आणि हात मागे घ्यायला जरा जास्तच वेळ लागला. त्या आठवड्यात तिने हिशेबाच्या वहीवर तीनदा भलत्याच महिन्याची तारीख टाकली.

पाचव्या शनिवारी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. चहा नको म्हणाला. मग त्याने पहिल्यांदाच सांगितलं, की हे सगळं तो कुणासाठी शोधत होता.

गाडी आईची होती. आई परिचारिका होती. पहाटेची पाळी असो की दुपारची, तीच गाडी चालवत जायची. त्याने हौसेने गाडी सजवून घरी नेली, तेव्हा आई छान म्हणाली, एकदा चालवायला बसली आणि उतरली. आपल्या गाडीत बसल्यासारखं वाटत नाही, एवढंच बोलली. तेव्हापासून ती मागच्या सीटवर. हे आपल्यामुळे झालं, हे कळायला त्याला दहा वर्षं लागली. दोन वर्षांपूर्वी आईचं मनगट मोडलं. ते जुळलं, पण ते छोटं जाड स्टिअरिंग वळवण्याइतका जोर त्यात राहिला नाही. आता तिच्या परवान्याची मुदत संपत होती, आणि मोडलेलं मनगट बघून, गाडी चालवून दाखवल्याशिवाय तो पुन्हा देणार नाही, असं परवाना कार्यालयाने सांगितलं होतं. परीक्षा येत्या शुक्रवारी होती.

"काल म्हणाली, राहू दे," तो म्हणाला. "म्हणाली, आता कुठे जायचंय मला एवढं... तिने कागद आत ठेवून दिलेत."

पेटी डोक्यावर होती, दहा फुटांवर. पण पाच शनिवारांचं खोटं एकदम गिळायचं कसं? ती कसंबसं 'बघते' म्हणाली. तो गेला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत रोजच्यासारखे डोळे मिटून बसलेले मिस्त्री डोळे न उघडताच म्हणाले, "ती पेटी आणखी किती दिवस पुरवणार आहेस?"

तिने चमकून बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. ते रागावले नाहीत. माल गिऱ्हाइकाचा आहे, आपण नुसते राखणदार, एवढंच म्हणाले. तिला ते थपडेपेक्षा जास्त लागलं.

रविवारी सकाळी दुकानाच्या जुन्या वहीतून त्याचा पत्ता काढून ती स्टिअरिंग मांडीवर घेऊन रिक्षात बसली. पिशवीत पाने होते आणि डोक्यात एकच विचार. सांगितलं की तो गेला. नाही सांगितलं आणि 'आत्ताच सापडलं' म्हटलं, तर तो राहील, पण मग जन्मभर त्या थापेवर बसून राहायचं. घर येईपर्यंत तिने दोन वेळा मन बदललं.

दार आईनेच उघडलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, डाव्या मनगटाला पट्टा. तिच्या मागे तो ओले हात पुसत उभा.

"काकू, हे तुमच्या गाडीचं आहे," ती म्हणाली. "आणि हे आज सापडलेलं नाही. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होतं. सगळंच होतं. मी... हा पुन्हा यावा म्हणून एकेक देत राहिले."

स्वयंपाकघरात नळ चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता.

"पाच शनिवार?" तो म्हणाला.

"हो."

"मी रोज आईला सांगत होतो, मिळेल म्हणून. शेवटी तिला वाटायला लागलं, मी तिची नुसती समजूत काढतोय."

तो आत निघून गेला. आईने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, मग तिच्या हातातल्या त्या मोठ्या, पातळ, काळ्या चाकाकडे. चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जुन्या सवयीच्या जागी तो थांबला.

"बसवता येतं तुला?" तिने विचारलं. "मग चल खाली. त्याचं नंतर बघू."

ती गाडीत वाकून काम करत होती, तेव्हा तो खाली आला. तिला एकेक पाना पुढे करू लागला. जाड चाक उतरलं. आतल्या दांड्यावर लाल ठिपका होता, तिने ठिपक्याला ठिपका जुळवला.

"हा रंग कसला?"

"माझं नेलपॉलिश. दहा वर्षांपूर्वी हे चाक काढलं, तेव्हा तूही होतास."

त्याने ठिपक्यावरून बोट फिरवलं. "खोटं नाही बोलत," तो म्हणाला, "मला आठवत नाही."

आणि गंमत बघा, जिच्या भीतीने तिने एवढा घोळ घातला, ती गोष्ट झाली आणि तिला काहीच वाटलं नाही. दहा वर्षांपूर्वीचा तो मुलगा कुठे होता आता? तिला हा हवा होता, हा रागावलेला, हात काळे झालेला.

आई गाडीत बसली, सीट पुढे ओढली. चाक अर्धं डावीकडे फिरवलं, अर्धं उजवीकडे. तिचा चेहराच बदलला. मला एकटीला जाऊ द्या, म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. एक फेरी मारून परत आली, दोघं अजून गप्प उभे आहेत असं दिसल्यावर थांबलीच नाही, सरळ दुसऱ्या फेरीला निघाली.

"खूप रागावलायस?" तिने शेवटी विचारलं.

"खूप. आठवडाभर तरी जाणार नाही."

"मग मी काय करू?"

तो पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला. मग मान डावीकडे कलती करून म्हणाला, "रोज संध्याकाळी येऊन बघत जा. गेला का."

ती गेली. सोमवारी गेली, मंगळवारी गेली. तो जिन्यात उभा असायचा. राग आहे का, ती विचारायची, आहे, तो म्हणायचा, आणि मग दोघं कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. शुक्रवारी आई परीक्षा पास होऊन आली आणि त्या दोघांना मागच्या सीटवर बसवून तिने गावभर हिंडवलं. तेव्हाही राग होताच म्हणे.

पुढच्या रविवारी, जिन्यातच, त्याने कबूल केलं. "मंगळवारीच गेला होता," तो म्हणाला. "सांगितलं नाही... सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस."

ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. तो शेजारी बसला. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले, त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "ऐक. मला तू आवडतोस. तू शनिवारी येतोस म्हणून मी शुक्रवारी केस धुते. तू गेलास की दुकान ओकंबोकं वाटतं. मला तुझ्याशी लग्न करायचंय, आणि तुझी आई मला तुझ्याहून जरा जास्तच आवडते. हे सगळं मी आज एकदम देतेय. घरी नेऊन नीट बघ."

त्याने काही बघितलं नाही, तिथेच हो म्हणाला.