पंधरावी लेक

टँकरवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन मी येत होते, आणि हा माणूस ऐन वाटेत मोबाईल आभाळाकडे धरून उभा! धडकलेच की. निम्मं पाणी त्याच्या अंगावर.

"आवं, डोळं हायत का गोट्या?" मी तडकले.

"सॉरी... रेंज शोधत होतो."

"रेंज माळावर गावंल. पानी कुटनं आनू?"

तो निथळत हसला. लय बरा दिसला, मेला!

सुमंत नाव. सांगलीचा. कुठल्या गावाला दवाखाना किती लांब, याचा नकाशा करत होता. त्यावरून जत तालुक्यात बाळंतिणींना नेणाऱ्या तीन गाड्या कुठं ठेवायच्या ते ठरणार होतं. मी वाडीची आशा सेविका, म्हणून त्याला घरोघर फिरवणं माझ्याकडं आलं. मी मुद्दाम लांबच्या वाटेनं नेई.

"काल तर जवळची वाट होती ना?"

"व्हय. काल तुमी गप गप हुता."

शेवटच्या दिवशी त्यानं नकाशा दाखवला. गरजेच्या गावांवर लाल ठिपके. आमची वाडी कोरी.

"वर्षभरात वाडीच्या नावावर एकही बाळंतपण नोंदलेलं नाही," तो म्हणाला.

मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पयल्या बाळंतपणाला सून जाती अन् लेक म्हायेरी येती, सायेब. नाव सासरच्या दवाखान्यात, अन् कळा हितं!"

मग सांगितलंच. माझी थोरली बहीण शिवांजली कोरेगावात दिलेली. घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर. सातव्या महिन्यात आईनं हौसेनं माहेरी आणली. भर दुपारी कळा सुरू झाल्या, गाडीला अडीच तास लागले. डोकं माझ्या मांडीवर. "राजी, गाडी दिसती का गं?" एवढंच विचारत होती. ती गेली, बाळही गेलं.

सुमंतनं नकाशा मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार हिंडला. कुणाची लेक यंदा बाळंतपणाला यायचीय? चौदा नावं निघाली. ती घेऊन तो गेला, आणि मी रोज रस्त्याकडं बघत बसले.

दहा दिवसांनी आला. चेहरा उतरलेला.

"गाड्यांच्या गावांची यादी आधीच बंद झाली होती. यंदा गाडी नाही, राजेश्वरी."

"फोन करायचा की."

"फोनवर सांगवलं नसतं. आणि... दुसरंही बोलायचं होतं." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

सोप्यात जोंधळे पाखडणाऱ्या आईचा हात थांबला. मला रडूच कोसळलं. गाडीसाठी का त्याच्यासाठी, कुणास ठाऊक!

"करीन," मी म्हटलं. "पर पयलं बाळंतपण म्हायेरीच. आईनं एक लेक आनली, ती परत धाडता आली न्हाई. मला ह्याच दारातनं बाळासंगं, दोघं हुऊन परत जायचंय."

त्यानं आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "मग आधी गाडी... मग लग्नाची तारीख."

"अन् गाडी आलीच न्हाई तर?"

पिशवीतून त्यानं पुढच्या वर्षीच्या यादीचा अर्ज काढला. चौदा लेकींची नावं, समोर प्रत्येकीचं सासर. मी पेन ओढून घेतलं आणि खाली पंधरावं नाव लिहिलं, माझं. सासरच्या रकान्यात लिहिलं, सांगली.