दोघांचं वाचन

कादंबरी अगदी हलकीफुलकी होती. फुलांचं दुकान चालवणारी मुलगी, तिच्या दारात कुणीतरी टाकून जाणाऱ्या निनावी चिठ्ठ्या, आणि कुलूप बदलायला येणारा देखणा माणूस. त्याच्यावर तिचा जीवही जडतो आणि संशयही. मी ती ध्वनिपुस्तकासाठी वाचली, घरातल्याच अडगळीच्या खोलीत. भिंतींना रजया टांगल्या आहेत, खिडकी बुजवली आहे. आत एक खुर्ची, एक माईक आणि मी. दुसरं माणूस मावणारच नाही. नायक, नायिका, खडूस शेजारीण, सगळ्यांचे आवाज माझेच. या आवाजावर आमचं घर चालतं आणि त्याचा मला गर्व आहे.

पहिला अभिप्राय वाचून मी हसले. 'बाई छान वाचतात, पण नायकाचं काम करणारे गृहस्थ लाजवाब!' कौतुकच म्हणायचं. दुसऱ्यानं लिहिलं, 'रहस्य कसलं डोंबलाचं, दुसऱ्याच प्रकरणात कळतं. त्या पुरुषाच्या आवाजासाठी शेवटपर्यंत ऐकली.' तिसरीनं लिहिलं, 'दोन वाक्यांच्या मध्ये ते श्वास घेतात ना, तेव्हा अंगावर काटा येतो.'

इथे माझं हसू गेलं. दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नसतं. वाचून झालं की मी खुर्चीत गप्प बसून रिकाम्या खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करते. माझे श्वास, आवंढे कापले की त्या जागी ही शांतता जोडतात. ते काम करणाऱ्याला आम्ही कानसेन म्हणतो. टाचणी पडली तर कुठल्या बाजूनं पडली, तेही सांगेल.

"ताई, आवाज सगळे तुमचेच होते," तो फोनवर म्हणाला. "पण शांतता यावेळी जरा भरलेली वाटली."

"भरलेली म्हणजे?"

"मला वाटलं, कुणीतरी बसलंय तुमच्याबरोबर."

घरात माझ्याबरोबर मावशी असते, तिला दिसत नाही. माझं प्रत्येक पुस्तक ती ऐकते. जेवताना तिला त्या पुरुषाच्या आवाजाबद्दल विचारलं.

"गुणी आहे गं मुलगा," ती म्हणाली. "इतके दिवस येतोय, चहा तरी विचारलास का त्याला?"

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. त्यात पुस्तकाच्या प्रकाशकबाईंचा फोन. दुसऱ्या भागालाही तेच गृहस्थ हवेत, त्यांचं नाव कळवा.

"मी एकटीच वाचते, आणि दुसरा भागही एकटीच वाचणार," मी ठणकावलं.

"बघा बुवा. श्रोत्यांना ते ऐकू आले नाहीत, तर पुढचे भाग दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतील."

माझ्या आवाजावर कुणी डल्ला मारावा आणि मी बघत बसावं? रजया उतरवून झटकल्या, भिंती ठोकून पाहिल्या, खुर्चीसुद्धा बदलली. भर दुपारी आतून कडी लावून वाचायला बसले. रिकाम्या खोलीची शांतता तर या वेळी मुद्रित केलीच नाही. कानसेनला बजावलं, माझे श्वास राहू देत, काही कापू नकोस.

घसा बसेपर्यंत वाचलं. शेवटच्या प्रकरणात नायकाचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, हे आत्ताच म्हणून झालंय.

तरी मी ते म्हटलंच. खणखणीत.

"झकास झालंय," कानसेन म्हणाला. "जसं आलं तसंच पुढे पाठवलं."

आज सकाळी दुसऱ्या भागावर पहिला अभिप्राय आला.

'यावेळी सगळं त्यांनी एकट्यानं वाचलंय. नायिकासुद्धा काय सुरेख काढली आहे! तक्रार एकच. मध्येमध्ये कुणा बाईचा श्वास ऐकू येतो. तेवढा कापायला हवा होता.'

मी दार उघडून मावशीला हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्यानं.

"आलास का?" ती हसून म्हणाली. "बस रे बाळा. तिचा काही सकाळपासून आवाज नाही."