केशरची मोकळीक

पहाटेचे धुके खोऱ्यातून वर सरकत होते आणि पायथ्याला पसरलेल्या मोगली छावणीच्या राहुट्या एकेक करून उघड्या पडत होत्या, तेव्हा भैरवकडा किल्ल्याच्या किल्लेदारीणबाई मैनाबाईसाहेब आपल्या महालाच्या चिकाच्या पडद्याआडून, शत्रूकडे नव्हे, आपल्याच बुरुजाकडे पाहत होत्या.

किल्लेदार स्वारीवर गेलेले, शिबंदी तोकडी. म्हणून बाईसाहेबांनीच गडावरच्या बायका गोळा करून त्यांना खंडोबाचा भंडारा उचलायला लावला होता. आजपासून मालकीण-बटीक हा भेद नाही, सगळ्या गडाच्या लेकी. बोलायला काय जाते? गोषातल्या घरंदाज बायका उंबरठ्याआत बसून दारूच्या थैल्या भरत होत्या आणि उघड्या उन्हात तोफेपाशी उभी होती ती विकत घेतलेली कुणबीण, केशर. गोलंदाज पडल्यावर तिनेच बत्ती हाती घेतली होती. "गड राहिला तर तुला मोकळीक," असे वचन बाईसाहेबांनी तिला एकांतात दिले होते. पण शिपाई तिला 'केशरबाई' म्हणू लागले आणि बाईसाहेबांच्या अंगाची लाही लाही झाली. शपथ त्यांनी घालायची आणि बुरुज बटकीने मिरवायचा, हे त्यांना खपत नव्हते.

त्याच सकाळी शत्रूने बुरुजालगतच्या तटाला शिड्या लावल्या, आणि नेमकी वरची दारू संपली.

"बाईसाहेब, थैली आणा," केशरने हाक दिली.

मैनाबाईसाहेब थैली उचलून उंबरठ्यापर्यंत आल्या. अंगणात गडाचेच शिपाई, पण परके पुरुष होते. पाऊल पुढे पडेना. अखेर केशरच माऱ्यातून धावत आली, त्यांच्या हातची थैली ओढून माघारी गेली, आणि खांद्यात गोळी शिरली असताही तिने तोफ डागली. शिड्या कोसळल्या. दोन-चार दिवसांत वेढा उठला.

किल्लेदार परतले, सदर भरली. जखमी केशरला पुढे बोलावून ते म्हणाले, "माग, काय हवे ते."

"सरकार, बाईसाहेबांनी मोकळीक कबूल केलीय."

किल्लेदार चिकाकडे वळले. "बाईसाहेब, आपण असे वचन दिले होते?"

सारी सदर त्या बटकीकडे कौतुकाने पाहत होती. ही उद्या महादरवाजातून उजळ माथ्याने चालती होणार आणि आपण मात्र जन्मभर इथेच, चिकाआड. मैनाबाईसाहेबांना ते सोसवेना.

"आम्हांस स्मरत नाही," त्या म्हणाल्या.

केशरला चांदीचे कडे मिळाले आणि ती मालकिणीच्या चाकरीत परत आली.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत पाणी काढत असताना बाईसाहेबांनी तिला विचारले, "रागावलीस?"

"वेढ्यात खालच्या छावणीतून निरोप आला होता, बाईसाहेब. दिंडीदरवाजा उघड, तुला मोकळी करतो म्हणून." केशर धड असलेल्या हाताने तांब्या भरत म्हणाली, "मी कळवलं, मला नको. बाईसाहेबांनी दिलीय."