अकरा नंबरला सांगायचं राहिलं

तो टॉर्च बंद कर सार्थक, डोळ्यांवर येतोय. केबल तुटली आहे, लाइट काही दहाच्या आत येत नाही. बसा इथेच पाइपांवर.

संध्याकाळी गेणूला हसत होतात ना तुम्ही सगळे? बघितलं मी. उद्यापासून आपली गल्ली खोदणार म्हणून बिचारा घरोघर सांगत फिरत होता. नळ किती दिवस बंद, गाड्या कुठे लावायच्या, फळ्या कुठे टाकणार. आणि शेवटी प्रत्येकाकडून एक गोष्ट वदवून घेत होता, की अडचण आली तर दवाखान्याची गाडी कुठून येईल. आरोही, तुझ्या आजीकडून त्याने तीनदा म्हणवून घेतलं आणि तुम्ही कठड्यावर बसून दात काढत होतात. तो असा का झाला ते मला ठाऊक आहे. गेणू माझ्या इगतपुरीकडच्या गावचा, मला काका म्हणतो. त्याने स्वतः सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पटलं तर घ्या, नाही तर घरी जाऊन अंधारात मच्छर मारत बसा.

सातपूरकडे कामगारांनी सोसायटी करून बांधलेली बैठी घरं आहेत. चोवीस घरांची एक कॉलनी. पुढे रस्ता, मागे एक अरुंद गल्ली, तिच्या टोकाला नाल्याची भिंत. गेल्या वर्षी गणपती उठले आणि पुढचा रस्ता खोदायला घेतला. आधी ड्रेनेजचे पाइप, मग वरून काँक्रीट. ठेकेदाराने गेणूला काम दिलं होतं ते सांगण्याचं. हातात एक तक्ता. प्रत्येक घरी जायचं, माणसाला समोर उभं करून समजावून सांगायचं आणि तक्त्यावर सही घ्यायची. कागद दाराखालून सरकवायचा नाही, अशी ताकीद होती. गेणूला हे काम आवडायचं. पंचवीस वर्षं घमेली उचललेला माणूस, आता लोक त्याला खुर्ची देत, चहा विचारत. घरोघरची दुखणीखुपणी त्याला पाठ झाली होती.

अकरा नंबरला सुलाबाई आणि पुंजाबाबा. बाबा कारखान्यातून रिटायर झालेले, दम्याने बेजार. लेक स्नेहल सिन्नरला दिलेली. सुलाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना मधल्या खोलीतून दारापर्यंत यायला वेळ लागायचा. गेणूने बेल वाजवली. थांबला. परत वाजवली. आतून आवाज आला, "आले हं, आले..."

आणि नेमका ठेकेदाराचा फोन. जेसीबी आलाय, तक्ता घेऊन ये, लगेच.

गेणूने काय केलं असेल? तक्त्यावर अकरा नंबरसमोर वाकड्यातिकड्या अक्षरात ‘सुलाबाई’ लिहिलं आणि निघाला. संध्याकाळी परत येऊन सांगू, असं मनाशी म्हणाला. आपण सगळेच म्हणतो तसं. संध्याकाळी पाऊस आला आणि राहून गेलं.

तिसऱ्या रात्री बाबांना धाप लागली. सुलाबाईंनी फोन करून गाडी बोलावली आणि नवऱ्याला धरून पुढच्या दाराने बाहेर काढलं. खड्ड्याच्या कडेकडेने, पावसात, रस्त्याच्या तोंडापर्यंत. गाडी तिथेच येणार, दुसरीकडून कुठून येणार? फोन घरातच राहिला. आणि गाडी आली ती मागच्या गल्लीतून. रस्ता खोदल्यापासून तीच वाट चालू होती ना. मागच्या दाराशी उभी राहून ती हॉर्न वाजवत राहिली. बाई पुढे, गाडी मागे. पस्तीस मिनिटं गेली. बाबा रस्त्याच्या तोंडाशी, विटांच्या ढिगावर टेकलेलेच गेले.

एक वाक्य, पोरांनो. गाडी मागून येईल, एवढंच एक वाक्य.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं मात्र पाप होतं, आणि हा शब्द गेणूचाच आहे. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी स्नेहल साइटवर आली. विचारलं, आईला सांगितलं होतं का? त्याने तक्ता पुढे केला. तिने सही बघितली, दारात उभ्या असलेल्या आईला दाखवली आणि म्हणाली, "आई, सांगितलं होतं गं तुला. तू विसरलीस." सुलाबाईंनी त्या कागदाकडे बराच वेळ बघितलं. अक्षर आपलंच असणार, असं म्हणाल्या. मग खाली बसल्या.

लेक त्यांना सिन्नरला घेऊन गेली. अकरा नंबरला कुलूप लागलं. गेणू दर रविवारी ठरवायचा, सिन्नरची एसटी पकडायची, पाय धरायचे, खरं सांगायचं. बारा-तेरा रविवार गेले. प्रत्येक रविवारी काही ना काही काम निघायचं. नसलं तर तो काढायचा.

आता डिसेंबर. अठरा तारीख, गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, वद्य चतुर्दशी. म्हणजे चंद्राचं नाव नाही. कॉलनीत घरोघर घट मांडलेले, बायका हळदीकुंकवाला ये-जा करत होत्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्यावर काँक्रीट पडणार होतं. म्हणून त्या दुपारी मागच्या गल्लीत दगडाची बारीक कच टाकली, पाणी मारलं, रोलर फिरवला. रात्रभर बसू द्यायची होती, म्हणून गल्लीच्या तोंडाशी दोन बाजूंना रेतीने भरलेली दोन पिंपं ठेवली, मधे साखळी लावली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली गेणूकडे. आता तो गल्लीच्या तोंडाशीच शेडमध्ये झोपायचा आणि प्रत्येक घरी आपला नंबर देऊन ठेवायचा, कधीही हाक मारा, साखळी काढतो. उशिरा सुचलेलं शहाणपण.

पावणेआठपर्यंत त्याची तेवीस घरं झाली. तक्त्यावर अकरा नंबरसमोर ‘कुलूप’ लिहायचं आणि जेवायला जायचं, म्हणून तो तिकडे वळला.

घरात दिवा होता.

दार उघडं होतं आणि दारात सुलाबाई उभ्या होत्या. अंगात निळा स्वेटर, डोक्यावर पदर. गेणू दोन पावलं मागे सरला. भुताच्या भीतीने नव्हे. या बाई परत राहायला आल्या, आता रोज तोंड दाखवावं लागणार, या भीतीने. आणि नाही, त्यांचे पाय सरळ होते का उलटे, ते बघायचं त्याला सुचलं नाही. माणसाला खऱ्या वेळी ते सुचत नसतं.

"रस्त्यावाले ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "या. ह्या बारीला नीट सांगा. मागच्या बारीला माझ्या ध्यानात राह्यलं नाय."

गेणू तक्ता छातीशी धरून बोलायला लागला. "आजी, उद्यापास्नं एकवीस दिवस फुडं गाडी नाय. काँक्रीटवर तीन दिवस पाय द्यायचा नाय. शनिवारी नळ येणार नाय, भरून ठेवा..."

"आन् गाडी?"

"मागच्या गल्लीतनं. कच टाकलीय. मागच्या दारापोत येती."

"मागच्या दारापोत," बाई म्हणाल्या. हळूच, घोकल्यासारखं. "ह्येच सांगितलं व्हतं का मला? तवा?"

गेणू तक्त्याकडे बघायला लागला.

"लेक म्हणती सही हाय माझी. मी रोज रातच्याला आठवून पाह्यते. तुम्ही दारात उभे हाय. तुमचं तोंड हालतंय. पन काय बोलता... ते काय येत नाय. लय जोर लावते. येतच नाय."

शेजारच्या घरात आरती चालू होती. ती थांबली.

"एवढं कसं इसरले मी?"

गेणूला पळायचं होतं. पाय हलले नाहीत. त्याला दिसत होतं की ही बाई तीन महिने रात्री जागून आपलंच तोंड आठवते आहे. जे कधी बोललंच नाही, ते तोंड.

"आजी..." तो म्हणाला. "तुम्हाला आठवणार नाय."

त्याने तक्ता खाली घेतला.

"मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही दारापोत यायच्या आधी गेलो मी."

"...आन् सही?"

"मी केली."



मग आतून खोकला आला. मधल्या खोलीतून. कोरडा, ओढत ओढत येणारा.

तो खोकला गेणूला माहीत होता. सगळ्या कॉलनीला माहीत होता.

थांबला.

परत आला... जरा जवळून.

बाईंनी गेणूकडे पाठ केली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. आत तोंड करून म्हणाल्या, "ऐकलं का वो? मी इसरले नव्हते."

आतून उत्तर आलं का? गेणू म्हणतो, खोकला थांबला. तेवढंच.

"गेणूभाऊ?"

तो दचकला. बारा नंबरची मोहिनी आपल्या फाटकात उभी होती, हातात हळदीकुंकवाचं तबक. "कुलपाशी काय बोलताय?"

गेणूने समोर बघितलं. दार बंद होतं. कडीला कुलूप, कुलपावर तीन महिन्यांची धूळ. खिडकीत अंधार. त्याचा एक हात त्या कडीवर होता आणि तो थंडगार पडला होता.

"सुलाबाई..." एवढंच तो बोलू शकला.

"तुम्हाला पण कळलं का? आज दहावा झाला त्यांचा," मोहिनी म्हणाली. "गेल्या आठवड्यात मंगळवारी गेल्या, सिन्नरलाच. झोपेत. मी सकाळी रामकुंडावर गेले होते. काय सांगू तुम्हाला, दोन तास कावळा शिवेना. स्नेहलने सगळं कबूल केलं. घर विकणार नाही म्हणाली, बाबांचं वर्षश्राद्ध इथेच करीन म्हणाली, नातीचं शिक्षण करीन म्हणाली. कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. शेवटी दर्भाचा कावळा केला. कशात जीव अडकला होता त्यांचा, कुणाला कळलंच नाही."

गेणूला कळलं होतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि मोहिनीसमोर लहान मुलासारखा रडला.

त्याच रात्री त्याने स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती त्याची, पोलिसांचीसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "किती बोलले हो मी आईला," आणि फोन ठेवला. गेणू म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि ते खरं आहे. ती पोर आजही ते घेऊन जगते आहे. सुलाबाईंची सुटका झाली असेल, स्नेहलची आणि गेणूची झालेली नाही.

नाही सार्थक, गोष्ट संपली नाही. बस.

गेणू शेडमध्ये जाऊन आडवा झाला. किल्ली उशाखाली. सप्टेंबरापासून तो धड झोपला नव्हता. त्या रात्री मात्र पाठ टेकली आणि मेल्यासारखा झोपला. सकाळी सहाला साखळी काढायला उठला. थंडी पडलेली. कुलूप जागच्या जागी. पिंपं जागच्या जागी, हललेली नाहीत. ती हलवायला चार माणसं लागतात.

त्याने साखळी काढली आणि पुढे पाऊल टाकणार...

थांबला.

ओल्या कचीवर चाकांचे माग होते.

पिंपांच्या आतल्या बाजूने सुरू झालेले. दोन, सरळ, मोठ्या गाडीचे. कुठे वळलेले नाहीत, कुठे अडखळलेले नाहीत. पाच नंबर... आठ नंबर... नऊ नंबर. गेणू पायातल्या चपला हातात घेऊन त्यांच्या कडेकडेने चालत गेला.

अकरा नंबरच्या मागच्या दाराशी माग थांबले होते.

त्याच्या पुढे, नाल्याच्या भिंतीपर्यंत, कच कोरी होती.