बायजाचा वाफा

ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल वाचायची सोडून द्यावी. हे माझ्या घरात घडलंय, आणि त्यात माझी चूक आहे.

साल १९९६. होळीचा दुसरा दिवस. दुपारचे साडेबारा.

हो, दुपारच. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मार्च महिन्यात मिठागरावर जाऊन उभं राहावं.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठी. खाडीत एक छोटं बेट आहे, होडीने दहा मिनिटं. तिथे माझ्या केरूमामाचं मिठागर होतं. माझे मिस्टर, प्रवीण, रोह्याकडचे. धाटावला रंगाच्या कंपनीत शेड जुळवायचं काम करायचे. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पाठवला की हे नुसतं बघून सांगायचे, पिवळा जरा कमी आहे, लाल जरा चढलाय. आमचं घर त्यांच्या डोळ्यांवर चाललं होतं.

त्यांना एकच नाद होता. उन्हाने चित्रं छापायचा.

दोन औषधं पाण्यात कालवून कागदाला लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. मग त्यावर पान ठेवून, वर काच दाबून कागद उन्हात धरायचा. शेवटी पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथे निळं, सावली पडली तिथे पांढरं. पानाचं पांढरं चित्र निळ्यात उमटायचं.

कमी ऊन, जास्त ऊन, असे दहा-बारा निळे काढून ते माझ्यासमोर मांडायचे.

"सांग, हा कसला निळा?"

"हा शाईचा. हा धोतराला नीळ जास्त झाली त्याचा. हा आपल्या खाडीचा."

"मला दिसतो तोच तुला दिसत असेल का गं?"

मी हसायचे. असले प्रश्न पोट भरलेल्या माणसाला पडतात, म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनीच हट्ट धरला. बेटावरचं ऊन बघायचंय, मिठावरून उलटून येतं ते. शिमग्यामुळे गडी गावात गेलेले. बेटावर आम्ही दोघं आणि झोपडीत झोपलेला केरूमामा. बाकी कुणी नाही.

झोपडीला लागूनच मीठ पिकवायचा एक वाफा होता. त्यातलं मीठ आम्ही कधी ओढत नसू. पाणी तर ओंजळभरही घेत नसू. बायजा नावाची बाई तिथे मीठ ओढायची, माझ्या आजीच्या वेळेस. मिठाच्या चकाकीने तिचे डोळे गेले. आधी रंग गेले, मग सगळंच पांढरं झालं. एका दुपारी ती त्याच वाफ्यात पालथी सापडली. तेव्हापासून तो वाफा तिचा.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

सकाळी होडीत चढताना मी खाडीला हात जोडले, तर हे म्हणाले, "तुमच्याकडे काय, प्रत्येक डबक्याला एक भूत!" मला लाज वाटली. नवी नवरी होते मी. अडाणी दिसायचं नव्हतं मला.

म्हणून हे पहिला कागद धुवायला त्या वाफ्याकडे निघाले, तेव्हा मी गप्प बसले.

गप्प बसले. एवढंच केलं मी.

कागद पाण्यात बुडाला. निळा चढू लागला. खाडीकाठच्या चिपीच्या झाडाचं पान पांढरं उमटलं, आणि पानाच्या बाजूला…

दोन पावलं.

पांढरी. उघडी. बोटं आमच्याकडे वळलेली.

"तू उभी होतीस का उन्हात?"

"मी तर झोपडीच्या दारात होते."

त्यांनी दुसरा कागद उन्हात धरला. मी मुद्दाम लांब गेले. कागदाभोवती कुणीही नव्हतं, मी डोळ्यांनी बघत होते. आणि तेव्हा मला जाणवलं… बगळे गप्प झालेत. वारा पडलाय. खाडीच्या पाण्याचासुद्धा आवाज येत नाही.

नुसतं एकच ऐकू येत होतं…

खर्र… खर्र…

मीठ ओढल्याचा आवाज. रिकाम्या वाफ्यातून.

दुसरा कागद धुतला. आता पावलांच्या वर लुगड्याचा काठ होता, आणि खाली लोंबणारा एक हात. ती कागदाच्या जवळ आली होती.

केरूमामा डोळे चोळत बाहेर आला. ओला कागद बघितला, वाफा बघितला आणि खालीच बसला.

"सरू, तू सांगला नाय गो ह्यांना?"



"माझ्या हातून चुकलं असेल तर पाणी परत ओततो की," हे म्हणाले. अजून हसतच होते.

"पानी परत करता येत नाय, जावईबापू. चला, होरीत बसा."

गावात उतरलो तर पोरं गुलाल घेऊन उभीच होती. जावई म्हटल्यावर कोण सोडतंय! ह्यांचा पांढरा सदरा पार माखला. हे सदऱ्याकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले,

"राख का टाकतायत गं?"

मी सदऱ्याकडे बघितलं. लालभडक होता.

आधी लाल गेला. आठवड्यात हिरवा. निळा शेवटी गेला, त्या दिवशी ते रडले. कंपनीने दोन महिने सांभाळून घेतलं, मग गोदामात पोती मोजायला बसवलं. पेणचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. सगळ्यांचं एकच, डोळ्यात दोष नाही. मामाने बायजाला नारळ दिला, कोंबडं दिलं. मी दोन्ही कागद वाफ्यात परत ठेवायला बेटावर जायचं ठरवलं, पण त्या पावसाळ्यात बांध फुटला आणि वाफा खाडीत गेला. कागद कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी चुलीत घातले. नीट जळालेसुद्धा नाहीत.

मी ह्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. मामा जे बोलला त्याचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही, आणि मी विषय काढला नाही. रोज वाटायचं, आज सांगू. रोज मी भाताचं ताट वाढायचे आणि सांगायचं राहून जायचं. त्यांना भात आणि वरण एकाच रंगाचं दिसायचं. जेवण तुटलं होतं त्यांचं.

मग १९९९ साली, वैशाखात, भर दुपारी, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. हे ओटीवर बसलेले. एकदम म्हणाले,

"सरू, हिरवं…"

माझ्या हातातला पिळा खाली पडला. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून रंगाचं नाव निघालं नव्हतं. मी धावत गेले, त्यांचे हात धरले, देवाचं नाव घेतलं.

"दिसलं? अहो, माझी साडी दिसली तुम्हाला?"

पण मी तर जांभळी साडी नेसले होते.

"तू नाही," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसत होते. "तुझ्या मागे उभी आहे तिचं लुगडं. हिरवंगार आहे गं. काठ लाल."

मी मागे वळले.

तारेवर कपडे होते. खाली ऊन होतं. अंगणाच्या मातीवर कुणाचीही सावली नव्हती.

आता रोज दुपारी हे ओटीवर येऊन बसतात. जेवतातही तिथेच, चांगलं पोटभर. कधी काठ बघतात, कधी बांगड्या. मला सांगत असतात, आज कुठला रंग जास्त खुललाय. मी त्यांना आत चला म्हणत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? सगळ्या जगात त्यांना तेवढेच रंग दिसतात.

परवा मी विचारलं, "आणि मी कशी दिसते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले, इकडेतिकडे शोधलं, आणि म्हणाले, "तू कुठे आहेस?"

मी त्यांच्या समोरच बसले होते.